आधी पंजाचा कागद पाठव

पोरी, एक कोरा कागद घे. त्यावर तुझा डावा पंजा बोटं जरा फाकवून ठेव, पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढ आणि तो कागद मला पोस्टानं पाठव. मोबाईलवरचा फोटो नको, त्यात माप कळत नाही. तुझ्यासाठी मी दोन खुरपी करून घेतली आहेत. पाती तयार आहेत, मुठी अजून बसवलेल्या नाहीत. त्या तुझ्या हातावरून ठरतील.

परवा फोनवर तू म्हणालीस, आत्या, अवजारांचा पाच नगांचा संच मागवला, छान पिशवीत घालून आला, आणि आठवड्याभरात त्यातल्या छोट्या फावड्याची मान वाकली. तुला वाटलं आपणच चुकीचं धरलं. तसं नाही. ती वस्तू पातळ पत्रा दाबून केलेली असते. कुंडीतल्या भुसभुशीत मातीला ती पुरते. तू घर घेतलंस चिपळूणच्या अंगाला, आवार चार गुंठ्यांचं आणि खाली जांभा. त्या खड्यांत पत्रा वाकणारच. तेव्हा पुढची वस्तू घेण्याआधी माझं ऐकून घे. यातलं बरंचसं मला तुझ्या आजीनं आणि माझ्या सासूबाईंनी सांगितलं, काही मी हात कापून घेऊन शिकले.

1974 साली कुंभार्ली घाट उतरून मी सासरी आले तेव्हा ट्रंकेत तुझ्या आजीनं दिलेलं एक खुरपं होतं. कराडकडच्या काळ्या रानातलं ते, पातं रुंद, पातळ आणि गुळगुळीत. काळी माती ओली असली की पात्याला लोण्यासारखी धरते, म्हणून तिकडे पातं पातळ लागतं, माती झटकली की सुटते. इथं पहिल्याच पावसाळ्यात आठ दिवसांत त्याला दाते पडले. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "हे घाटावरचं. इथल्या दगडाला नाही पुरायचं." त्यांचं स्वतःचं खुरपं दोन बोटं रुंद, पाठीला जाड आणि टोकाला निमुळतं होतं. खड्याच्या कडेनं आत शिरेल असं. काम तेच, पण माहेरी आम्ही त्याला भांगलण म्हणायचो, इथं बेणणी म्हणतात, खानदेशात आणि विदर्भात निंदणी. घाट ओलांडला की शब्द बदलतो तसं पातंही बदलतं. तू घाटाखाली आहेस, म्हणून तुझी पाती मी अरुंद आणि जाड करून घेतली. एक दोन बोटांचं, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यातून फिरवायला. दुसरं चार बोटांचं, झाडांच्या आळ्यांसाठी.

आता गवताचं बोलू. दुकानात शिरण्याआधी आपल्या आवारात काय उगवतं ते बघायला हवं, कारण प्रत्येक गवताचं मूळ वेगळं आणि मुळावरून अवजार ठरतं. आवारात फिर, चार-सहा जातीची गवतं मुळासकट उपट, वर्तमानपत्रावर मांडून ठेव आणि नुसती मुळं बघ.

लव्हाळा तुला पहिला भेटेल. पान तिकोनी देठाचं, चकचकीत. वरून ओढलंस तर पान हातात येतं आणि गाठ जमिनीत राहते. त्या गाठींची खाली माळ असते, एकीला दुसरी दोऱ्यानं बांधल्यासारखी. रुंद खुरप्यानं वरचेवर तासलंस तर प्रत्येक गाठ पुन्हा फुटते. त्याला हातभर लांब, अरुंद, टोकदार काहीतरी लागतं, जे बाजूनं खाली घालून उचकटता येईल आणि गाठीची माळ तुटू न देता वर काढता येईल. मी मोडक्या पहारीचा दीड वीत तुकडा टोक चपटं करून घेतला होता, तो वीस वर्षं पुरला. हरळीचं उलट. तिचं मूळ आडवं पळतं आणि पेराशी तोडलं की दर तुकड्याला पालवी येते. हरळीत खुरपं चालवणं म्हणजे हरळी लावणंच. तिथं दाताळं घे, जमीन सैल कर आणि मुळ्या हातानं पिंजून काढ. केना गोड दिसतो, निळं फूल येतं, पण त्याचंही तसंच, कांडी ओल्या मातीवर पडली की मूळ धरते. केना आणि घोळ उपटून तिथंच बांधावर टाकायचे नाहीत, टोपलीत गोळा करायचे. घोळीची भाजी करायची. तिची पानं इतकी पाण्यानं भरलेली असतात की उपटून टाकलेली घोळसुद्धा पाऊस आला की पुन्हा उभी राहते.

गाजर गवत दिसलं तर त्याला उघड्या हातानं शिवू नकोस. पुण्यात 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तिथून सगळीकडे गेलं. त्यानं कित्येकांच्या अंगावर चट्टे उठतात, दमाही होतो. तुझ्या वडिलांच्या हातांना लहानपणी त्यानंच खाज सुटायची. हातमोजे घाल, पूर्ण बाह्यांचं घाल आणि पांढरं फूल येण्याआधी मुळासकट उपट. त्याला धारेचं काही लागत नाही, पावसानंतरची ओली जमीन लागते. रानमोडीला मात्र लोक कोयतीनं झोडत बसतात आणि पुढच्या वर्षी चौपट फुटवे येतात. ती झोडायची नाही, बुंधा खणून काढायचा. त्यासाठी लहान टिकाव बरा, दोन हातांनी चालतो, पाठीला ताण पडत नाही.

एवढ्यानं तुझ्या लक्षात आलं असेल की खुरपं सगळ्या गवतांना चालत नाही. ते चालतं बियांपासून उगवलेल्या कोवळ्या गवताला, दोन-चार पानांवर असताना. म्हणजे पहिला पाऊस झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत. तेव्हा बसलीस तर एक सकाळ पुरते. आषाढात गुडघाभर झाल्यावर बसलीस तर चार दिवस जातात आणि बी पडून गेलेलं असतं. भर पावसातही बसू नकोस. उपटलेलं गवत ओल्यात पुन्हा जगतं. उघडीप बघायची. घाटावर आम्ही वाफसा बघायचो, मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा आणि बोटानं टोचला तर फुटावा. जांभ्यात पाणी लवकर निथळतं, त्यामुळे पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशीच तुला बसता येईल. आणि बसण्याआधी काठीनं गवत हलवून घ्यायचं. रत्नागिरी जिल्हा फुरशांचा आहे, जांभ्याच्या चिरेत आणि दगडाखाली ती असतात. आपल्याकडे मोकळा हात गवतात आधी जातो आणि खुरपं मागून. तू उलट सवय लाव, आधी लोखंड पुढे, मग बोटं.

खुरपं घ्यायचं लोहाराकडून. हे मी हट्टानं सांगते. दुकानातली खुरपी रंग लावून ठेवलेली असतात, रंगाखालचं लोखंड दिसत नाही. माझ्या लहानपणी घिसाड्यांच्या गाड्या गावाबाहेर उतरायच्या. नवरा सांडशीत लालभडक लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचा आणि बायको दोन्ही हातांनी घण घालायची, पोर भात्यावर. तुझी आजी मला सोबत न्यायची आणि जुन्या गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा घरून घेऊन जायची. ट्रकच्या पाट्याचं पोलाद सगळ्यात चांगलं. लवतं, पण वाकून राहत नाही आणि पाणी धरतं. बांधकामाच्या सळीचं खुरपं स्वस्त पडतं. त्याला धार येते पण टिकत नाही, दुपारपर्यंत बोथट.

पाणी देणं म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघून ये. मी महिन्यापूर्वी तुझी पाती करायला गेले तेव्हा मुद्दाम जवळ बसले होते. लोहारानं पातं पिकण्याआधीच्या करवंदाच्या लालीसारखं होईपर्यंत तापवलं, धारेची कड तेवढी पाण्यात बुडवली, चर्र आवाज आला, लगेच वर काढून विटेच्या तुकड्यानं ती कड घासून पांढरी केली. मग थांबला. पाठीकडे राहिलेली धग हळूहळू धारेकडे सरकायला लागली आणि त्या पांढऱ्या कडेवर रंग चढत गेले. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. जांभळा धारेला टेकतो न टेकतो तोच त्यानं अख्खं पातं पाण्यात सोडलं. हे सगळं दहा-बारा आकड्यांच्या आत. पिवळ्यावरच सोडलं असतं तर पातं फार कडक होऊन खड्यावर तुकडा उडाला असता. निळं होऊन पुढे जाऊ दिलं असतं तर मऊ पडलं असतं. तुझ्या जमिनीत खडे आहेत, म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, जरा जांभळ्यापर्यंत येऊ दे.

तयार खुरपं घ्यायची वेळ आलीच तर पारख अशी. पातं दोन बोटांत सैल धरून नखानं किंवा किल्लीनं टिचकी मार. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर असेल किंवा जोड कच्चा असेल. मग खिशातली छोटी कानस धारेवर हळूच ओढ. कानस नुसती घसरली तर लोखंड फार कडक, खड्याला तुटेल. लोण्यात गेल्यासारखी गेली तर फार मऊ. जरा जोर लावल्यावर खरखरत धरली तर ते घ्यायचं. दुकानदार काही म्हणत नाही, आणि म्हटलाच तर दुसऱ्या दुकानात जायचं.

आता मुठीकडे येते, कारण पंजाचा कागद त्यासाठीच मागितला. लोक पातं बघून अवजार घेतात. पण दिवसभर हातात असते ती मूठ. मूठ आवळल्यावर बोटांची टोकं तळहाताच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. त्याहून बारीक मूठ आवळून आवळून मनगट दुखतं, त्याहून जाड मूठ घामानं निसटते. लांबी चारही बोटं मावून वर एक बोट उरेल इतकी. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे वळवलेली असावी आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं असावं, नाहीतर लाकूड उभं चिरतं. लाकूड बाभळीचं चांगलं, धावड्याचं मिळालं तर फारच चांगलं. आंब्याचं नको, पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात सैल होतं. प्लास्टिकची मूठ घामात फिरते. लोखंडी नळीची मूठ उन्हात हाताला चटका देते, तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी लागते.

आणि बसून बघ. दुकानातसुद्धा लाज न बाळगता उकिडवी बस, पातं जमिनीला टेकव. पातं जमिनीशी सपाट लागलं तेव्हा बोटांची पेरं जमिनीपासून दोन बोटं वर राहिली पाहिजेत. पेरं जमिनीला घासत असली तर त्या खुरप्याचा कोन मोडका आहे, पहिल्याच दिवशी सालटं निघतील.

तू डावखुरी. लहानपणी माझ्या अंगणात उजव्या हाताच्या खुरप्यानं कशी तिरकी बसून ओढायचीस ते मला आठवतं. आम्ही तुला "उजव्या हातानं धर" म्हणून दटावत राहिलो, ते चूक होतं. खुरप्याचं पातं मुठीपासून एका अंगाला वळलेलं असतं आणि ते वळण उजव्या हाताचं. लोहाराला सांगितलं की तो उलट वळवून देतो, त्याला अर्ध्या मिनिटाचं जास्तीचं काम नसतं. हे मला इतक्या वर्षांनी सुचलं. तुझी दोन्ही पाती मी उलट वळणाची करून घेतली आहेत. दातेरी विळा घेतानाही हे ध्यानात ठेव. त्याच्या दात्यांना बहुधा एकाच अंगानं उतार दिलेला असतो, डाव्या हातात तो गवताच्या बाहेर बाहेर पळतो. तुझ्यासाठी साध्या धारेचा, दोन्ही अंगांनी घासलेला विळाच बरा.

बाकीच्यांना मात्र मी दातेरी विळा घ्यायला सांगते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं वैभव विळा काढला, हलका, दातेरी. भातकापणीला आमच्याकडे सगळ्या बायका आता तसलाच वापरतात. साधा विळा मारावा लागतो आणि दिवसातून दोनदा पाजळावा लागतो. दातेरी विळा मुठीतल्या पेंढीला लावून नुसता ओढायचा, करवतीसारखा कापत येतो. खांदा वाचतो. पण तो गवतापुरता, लाकडाला लावलास की दाते गेले.

लाकडाला कोयती. इथं कोकणात कमरेच्या आकडीत कोयती अडकवून माणूस घराबाहेर पडतो. कवळ तोडायला, झावळ्या साळायला, नारळ फोडायला, वाट मोकळी करायला तीच. अवजार माणसाच्या जगण्यात किती खोल जातं बघ, मराठवाड्यातून ऊसतोडीला जोडपी येतात तर मुकादम त्यांना माणसांत मोजत नाही, नवरा-बायको मिळून "एक कोयता". मला तो हिशेब ऐकवत नाही, ती दोन माणसं आहेत. पण ती बाई त्या पात्यावर किती उसाला वाकते हे आठवलं की मी हातातली कोयती नीट पुसून ठेवते.

तुला कोयती घ्यायचीच असेल तर लहान घे. पातं मुठीपासून टोकापर्यंत वीतभर, वजन टोकाकडे थोडं झुकलेलं. एका बोटावर पात्याच्या मध्यावर तोलून बघ, टोक हळूच खाली गेलं पाहिजे. टोक हलकं असेल तर सगळा जोर आपल्या मनगटाला लावावा लागतो. घाव सरळ आडवा घालायचा नाही, तिरका घालायचा आणि आपल्या अंगापासून बाहेरच्या बाजूला. सासरच्या दुसऱ्या वर्षी मी शेवग्याची वाळकी फांदी डाव्या हातात धरून कोयती मारली. फांदीत गाठ होती, पातं उसळलं आणि गुडघ्याच्या वर चार टाके पडले. ती कोयती मी बाजारातल्या एका दुकानातून घाईनं घेतलेली होती, मूठ मला जाड होती, तळहातात फिरत होती. हे मला घेताना जाणवलं होतं तरी घेतली. टाके घालायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तूही ते घेऊन ठेव. लोकांना वाटतं गंजानं धनुर्वात होतो. तो गंजानं होत नाही, मातीतल्या जंतूनं होतो आणि आपलं प्रत्येक अवजार मातीत असतं.

कोयतीबद्दल आणखी एक. कामाच्या मध्ये ती झाडाच्या खोडात मारून ठेवायची सवय इथं सगळ्यांना आहे. तुझ्या आवारात आंब्याची दोन जुनी झाडं आहेत म्हणतेस. त्यांच्या खोडाला अशी जखम करू नकोस, कुणाला करूही देऊ नकोस. तिथून खोडकिडा शिरतो आणि भुसा बाहेर पडायला लागेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

जिवंत फांदीला कोयती लावायची नाही हेच बरं. त्यासाठी छाटणीची कात्री. नाशिकला द्राक्षबागेत एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी होते, तिथले छाटणारे दिवसात हजारो काड्या कापतात आणि कात्री स्वतःची वापरतात, उसनी घेत नाहीत. कात्र्या दोन जातीच्या. एकीत दोन पाती एकमेकांच्या बाजूनं सरकतात, दुसरीत धारदार पातं एका सपाट पट्टीवर येऊन आदळतं. ओल्या फांदीला सरकणारीच लागते, आदळणारी साल चेचते. वाळक्या काटक्यांना ती चालेल. कात्री उजेडाकडे धरून मिटून बघ, पात्यांच्या मधून उजेड दिसता कामा नये. मग ओल्या वर्तमानपत्राची एक घडी टोकानं काप. टोकाशी कागद चुरगळला तर नको. स्प्रिंग आणि खिळा सुटा मिळतो का ते विचार, कारण आधी तेच जातं. आणि डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, तीच घे. उजव्या हाताची कात्री तुझ्या हातात पाती फाकवते आणि कापलेली जागाही तुला दिसत नाही.

धरताना पातळ धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि जाड आकडा तुटून पडणाऱ्या भागाकडे. उलट धरलंस तर चेचलेला भाग झाडावर राहतो. गुलाबाला बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघ, त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या उलट दिशेला उतरता काप घे. गुलाब पाऊस सरल्यावर, दसऱ्यानंतर छाटायचा. पेन्सिलीएवढ्या फांदीला कात्री लीलया चालते, अंगठ्याएवढी तिची शेवटची हद्द. दोन्ही हातांनी दाबावं लागलं की थांब आणि करवत घे. घडीची, ओढताना कापणारी करवत चांगली. सुताराची करवत ढकलताना कापते, झाडावर तिचं पातं अडकतं आणि वाकतं. मनगटाएवढी फांदी असेल तर आधी खालून तिसरा हिस्सा काप, मग जरा पुढे वरून. फांदी पडताना साल सोलत खोडापर्यंत येत नाही. उरलेला खुंट मग खोडालगतची फुगीर वळी ठेवून काप. त्याहून जाड फांदीला माणूस बोलाव.

डाळिंब लावायचं म्हणतेस, कोकणचा पाऊस त्याला फारसा मानवणार नाही, पण लावलंस तर कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना पुसून घे. सोलापूर-सांगोल्याकडे तेल्या रोग बागाच्या बागा खाऊन गेला, तो पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो तसा कात्रीनंही पसरतो. चिंधीवर स्पिरिट घेऊन दोन्ही पाती पुसायची, बस.

मोठ्या कापावर बोर्डोची पेस्ट लाव. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत, लोखंडी बादली नको. चुना निवला की दोन्ही एकत्र ओतून ढवळ. मग विळ्याचं पातं घासून लखलखीत कर आणि त्यात क्षणभर बुडवून काढ. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाल. पातं जसंच्या तसं निघालं तर लावायला हरकत नाही. ते पातं लगेच धुऊन, पुसून, तेल लाव.

तेलाचं इथं फार महत्त्व. खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, एका रात्रीत पात्यावर तांबारा येतो. सासूबाई उंडीचं तेल लावायच्या. तुला खोबरेल चालेल, मोटारीचं जुनं तेलही चालेल, पण भाजीच्या वाफ्यात जाणाऱ्या खुरप्याला खोबरेलच लाव. संध्याकाळी माती सुकण्याआधी पातं नारळाच्या किशीनं घासायचं, कोरडं करायचं, तेलाचा बोळा फिरवायचा. एवढं दोन मिनिटांत होतं. धार कानशीनं एकाच दिशेनं, मुठीकडून टोकाकडे, पात्याच्या वरच्याच अंगानं काढायची. खुरप्याला दाढीच्या पात्यासारखी धार करू नकोस, खड्यावर लगेच दुमडते. कुदळ किंवा टिकावाचं टोक झिजलं तर घरी घासत बसू नकोस, लोहाराकडून शेवटून आण.

मूठ सैल झाली की कुणीतरी सांगेल, रात्रभर पाण्यात टाक. टाकू नकोस. लाकूड फुगून दोन दिवस घट्ट वाटतं, सुकलं की आधीपेक्षा सैल होतं आणि आत शेपटी गंजते. बांबूची पाचर मार आणि मुठीला जवसाचं तेल पाज.

आपल्याकडे खांडेनवमीला अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, गंध-फूल वाहतात. तुझ्या आजीचा नियम होता, पूजेच्या आदल्या दिवशी प्रत्येक अवजार हातात घेऊन बघायचं, मूठ हलते का, पाठीला चीर आहे का, आणि मोडकं असेल ते पाटावर ठेवायचं नाही, आधी दुरुस्त करून आणायचं. मी अजून तसंच करते. पाऊसही तेव्हा संपत आलेला असतो, वर्षाची तपासणी करायला तोच दिवस बरा. आणि कोयती, विळा कुणाच्या हातात हात पुढे करून देऊ नकोस. जमिनीवर ठेव, दुसऱ्यानं उचलून घ्यावी. हातात दिली की भांडण होतं असं म्हणायचे. मी भांडण पाहिलं नाही, पण कापलेली बोटं पाहिली आहेत.

तर सुरुवातीला चारच वस्तू: ही दोन खुरपी, डाव्या हाताची कात्री आणि घडीची करवत. टिकाव आणि दाताळं शेजाऱ्यांकडे असेल, वर्षातून दोनदा लागतं. कोयती पुढच्या वर्षी, तुझा हात बसल्यावर.

कागदावर पंजाशेजारी आणखी एक माप लिही. कापडी टेप घेऊन अंगठा सोडून चार बोटांची रुंदी, पेरांवरून, बोटं मिटलेली असताना. बाभळीचा वाळलेला तुकडा गेल्या उन्हाळ्यापासून माळ्यावर ठेवला आहे. सुतार गुरुवारी येतो, त्याच्या आत तो कागद इथं पोचला पाहिजे.